रेघ पुसल्यावर

आमच्या घरात आबांशी कुणी पाठीमागून बोलत नसे. तसा नियम कुणी घालून दिलेला नव्हता, पण मला कळायला लागल्यापासून तो होता. आबांना हाक मारायची तर समोर जायचं, नाहीतर जमिनीवर पाय आपटायचा. सारवलेल्या जमिनीतून ते आपटणं त्यांना कळायचं आणि ते वळून बघायचे. मग तोंड नीट त्यांच्याकडे करून, पदर किंवा हात तोंडावर न आणता बोलायचं. आई चुलीपुढे असली तरी भाकरी थापायची थांबून त्यांच्याकडे वळायची, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी बोलणं पुरं झाल्याशिवाय परत फिरायची नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी वडलांशी असंच बोलतात. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरचा बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकत बसला होता, आणि त्याची पोरं मागल्या दारातून ओरडून काहीतरी मागत होती. त्याने मान वर न करता त्यांना जागच्या जागी उत्तर दिलं. मी घरी येऊन आईला हे नवल सांगितलं. आई माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाली, "जा, खेळ जा."

आबा सोलापूरच्या गिरणीत माग खात्यावर जाबर, म्हणजे मागवाल्यांवरचे मुकादम होते. ज्यांनी चालू माग खातं पाहिलं नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. तिथे माणूस माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ओठांवरून ओळखतो. बाहेर पडल्यावरही ती सवय जात नसे. आबा आणि त्यांचे जोडीदार पेठेच्या ह्या टोकाहून त्या टोकाला आवाज न करता गप्पा मारायचे, आणि आम्ही पोरं त्यांच्या नकला करायचो. त्या आवाजात उमर गेली की कान जातात. आबांचे किती गेले होते ते आम्हालाही नक्की माहीत नव्हतं, कारण तो विषय निघतच नसे. बाहेरच्या कुणाला तर शंकाही नव्हती. आबा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत, आणि लोक म्हणत, जाबर किती मन लावून ऐकतो.

आम्ही मूळचे केम गावाकडचे. तिकडून चुलते वर्षाची ज्वारी आणि शेंगा पाठवत, आणि त्या शेंगांवर आमचं घर चालायचं म्हटलं तरी चालेल. आई दाणे भाजून तिखट-लसूण घालून उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. त्या चटणीबरोबर वाळवून कडक केलेली भाकरी मोडून खायची. आता दुकानात पुडीतून ती चटणी मिळते आणि पाहुणे पुण्या-मुंबईला घेऊन जातात. मला तिच्यात उखळ लागत नाही. असो. म्हातारपणी तोंडाला चव नसते आणि दोष चटणीला देतात, असं माझी सून म्हणते. तिचंही खरं असेल.

माझा थोरला भाऊ महादू. आम्ही दादा म्हणायचो. तो गिरणीत बदलीवर जायचा. म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. अंगाने सडसडीत, हसला की एका गालाला खळी पडायची, आणि हुतूतूचं वेड असं की विहिरीवरून पाण्याची घागर आणतानाही तोंडाने "हुतूतूतू" चालू. एका दमात विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत यायचं, अशी त्याची स्वतःशीच पैज असायची. आई वैतागायची. "अरं, पानी सांडतंय की! दम मोजतूस का पानी आनतूस?" दादा उंबरा ओलांडेपर्यंत उत्तर द्यायचा नाही, आणि ओलांडला की घागरीसकट आईला मिठी मारायला जायचा. आबा ओसरीत बसून त्याच्या गळ्याकडे बघत असायचे. "छाती उडू देऊ नको," म्हणायचे, "पोटातनं सोड." त्यांनीच त्याला शिकवलं होतं. दम कसा भरायचा, ओठ किती उघडायचे, जीभ कुठे ठेवायची. तरुणपणी आबा स्वतः नावाजलेले गडी होते. दादा त्यांना देवाच्या जागी मानायचा, हे मी उगाच म्हणत नाही. आबा कामावरून आले की त्यांच्या पायावर पाणी घालायला तो मला पुढे होऊ द्यायचा नाही.

नागपंचमीच्या सुमारास तालमीतालमींचे हुतूतूचे सामने होत आणि आबा त्यांचे पंच असत. त्यांच्या निकालावर कुणी तोंड उघडलेलं मला आठवत नाही. दम गेला की नाही हे ओळखणं हेच त्या खेळातलं अवघड काम. दुसऱ्याच्या अंगणात शिरलेल्या गड्याने एका श्वासात "हुतूतू" म्हणत राहायचं. मध्येच चोरून श्वास घेतला तर तो बाद. नुसता बाद नाही, दम चोरणं ही बेअब्रू. हरलेल्या गड्याला लोक दुसऱ्या दिवशी विसरत, पण दम चोरणाऱ्याला विसरत नसत. आबा गड्याच्या अगदी जवळ, वाकून, त्याच्या तोंडाकडे बघत मागेपुढे सरकायचे. सगळ्यांना वाटायचं ते कान देऊन ऐकताहेत. ते ओठ, गळा आणि बरगड्या बघत होते. आणि वर्षानुवर्षं त्यांची एकदाही चूक झाली नव्हती, कारण डोळे फसत नव्हते.

आणखी एक रीत होती, ती सांगायला हवी. शेवटचा सामना संपला की हरलेल्या तालमीच्या म्होरक्याने मधली रेघ स्वतःच्या पायाने पुसायची. रेघ पुसली म्हणजे निकाल मान्य झाला. मग जिंकलेल्या तालमीला ढाल मिळायची, नारळ फुटायचा, दोन्ही बाजूंचे गडी एकाच परातीतलं खोबरं खायचे, आणि त्यानंतर त्या सामन्याविषयी कुणी वाद काढला तर मोठी माणसं म्हणत, "रेघ कुटं हाय? दाव." रेघच नसे, तर भांडणार कशावरून? मोठी शहाणी रीत होती. मी तिच्यावर अजून राग धरून आहे.

त्या वर्षी शेवटच्या सामन्यात आमच्या पेठेची तालीम आली, आणि दादा तिचा म्होरक्या. समोर विणकरांची तालीम होती आणि तिचा म्होरक्या राजन्ना, म्हणजे त्याच शेजारच्या घरातला थोरला. आबा म्हणाले होते, माझा पोरगा खेळतोय, पंच दुसरा बघा. पण राजन्नाच्याच माणसांनी हट्ट धरला. "जाबरमामा, तुमीच पायजे. तुमी पोराकडं बघनारा मानूस न्हाई." आबांना ते ऐकून बरं वाटलं असणार. सामन्याच्या दिवशी त्यांनी धुतलेला फेटा बांधला. दादा त्यांच्या पाया पडायला आला तेव्हा ते एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "आज न्हाय. आज म्या तुजा कुनी न्हाय." दादा हसला आणि आईच्या पाया पडून गेला.

आई आणि मी मैदानाशेजारच्या तळ्याच्या बांधावर बायकांत बसून बघत होतो. झिम्मा-फुगड्या सोडून सगळ्या बायका तिकडेच आल्या होत्या. खेळ बरोबरीत येऊन ठेपला आणि शेवटची चढाई दादाची होती. तो शिरला, एका गड्याला शिवला, आणि वळतो तोच राजन्नाने त्याच्या कमरेला मिठी मारली. मग आणखी दोघे अंगावर पडले. दादा तोंडावर पडला. तोंड मातीत, पाठीवर तिघेजण, आणि तरी तो हात पुढे टाकत रेघेकडे सरकत होता. मैदानात एवढा गलका झाला की शेजारी बसलेली आई काय बोलतेय ते मला कळेना. आबा त्याच्या पाठीशी वाकले होते. तोंड त्यांना दिसत नव्हतं, दिसत होती ती बरगडी. दादाची बोटं रेघेला लागली ती मी ह्या डोळ्यांनी बघितली. पण त्याच्या आधी आबांचा हात वर गेला होता.

"दम चोरला! बाद!"

माग खात्यातला माणूस ओरडला म्हणजे काय, ते त्या दिवशी सगळ्या मैदानाने ऐकलं. गलका थांबला. दादा मातीतून उठला. ओठांना माती, एक गुडघा फुटलेला. तो आबांकडे बघत राहिला. त्याचं तोंड उघडलं होतं. आता हा काहीतरी बोलणार असं मला वाटलं, आणि माझ्या हातावर आईची पकड घट्ट झाली. आईला आणि दादाला ठाऊक होतं आणि मला नुकतंच उमगत होतं: आबांना ऐकू आलेलं नाही, येणं शक्यच नाही. दादाने तेवढे दोन शब्द उच्चारले असते तर तो सुटला असता. पण मग आबा कोण राहिले असते? इतकी वर्षं दिलेल्या सगळ्या निकालांचं काय राहिलं असतं? दादाने तोंड मिटलं. लंगडत रेघेपर्यंत गेला आणि पायाने ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढली. लोकांनी आबांचा जयजयकार केला. असा पंच होणे नाही, म्हणाले. सख्ख्या पोराला बाद देणारा.

संध्याकाळी घरात पुरणाची दिंडं होती, नागपंचमीची. दादा गुडघ्याला हळद लावून बसला होता. आईने आबांच्या पुढ्यात ताट ठेवलं, त्यांच्यासमोर बसली आणि ओठ मोकळे ठेवून हळू म्हणाली, "तुमास्नी ऐकू आलं का, त्याचा दम गेल्याला?"

आबांनी घास तसाच हातात धरला. आईच्या तोंडाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "निकाल दिला. पंचाला इचारायचं नसतं." आणि ताटावरून उठले. उठताना त्यांनी दादाकडे बघितलं नाही. दादाने मान खाली घालून आपल्या पानातलं सगळं खाल्लं. मला आठवतं, तो आणखी एक दिंड मागून घेऊन जेवला, जणू काही झालंच नाही असं आईला वाटावं म्हणून.

पण लोक वाईट असतात. म्हणजे एकेकटे नसतात, जमले की होतात. दादा रस्त्याने चालला की कुणीतरी कोपऱ्यावरून तोंडाने जोरात श्वास ओढायचं, "हाऽऽ" असा, दम चोरल्यासारखा. मग दुसरं कुणीतरी. पोरं तर ते खेळासारखं करायला लागली. गिरणीच्या फाटकाशी बदलीवाल्यांच्या रांगेत तो उभा राहिला की पुढचे-मागचे श्वास ओढायचे आणि हसायचे. मी एकदा दोघांचा डबा घेऊन त्यांच्या मागून चालले होते. दादा आणि आबा शेजारी शेजारी चालत होते. दोन्ही बाजूंनी ते "हाऽऽ हाऽऽ" चाललं होतं. आबा आपले सरळ, रुबाबात, ओळखीच्याला हात करत चालले होते. त्यांच्या कानावर काहीच येत नव्हतं. दादा त्यांच्या बरोबरीने पाऊल टाकत होता आणि त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. मी रडायला लागले तशी त्याने मागे न बघता हात मागे करून माझा हात धरला.

थोड्याच दिवसांनी राजन्ना आमच्या ओसरीवर आला. बरोबर सामन्यांचे कारभारी बसप्पाण्णा. ते अडत दुकानवाले, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं अर्धं कानडीच्या चालीचं, पण माणूस सज्जन. राजन्ना आबांच्या समोर बसला आणि म्हणाला, "मामा, म्या त्याला धरलं हुतं. माझा कान त्याच्या तोंडापाशी. दम चालू हुता. माझा हात घामानं सटकला, तवा त्याची बरगडी फुगली. तुमाला वाटलं त्यानं श्वास घेतला. न्हाई घेतला. आमी जिंकलो न्हाई, मामा. ढाल परत देतो म्या."

आबा एकदा राजन्नाच्या ओठांकडे, एकदा बसप्पाण्णांकडे बघत होते. दाराआड उभ्या असलेल्या मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तसा चेहरा मी कुणाही पुरुषाचा परत पाहिला नाही. ते म्हणाले, "म्या फिरवू का निकाल, अण्णा?"

बसप्पाण्णांनी मान हलवली. "कसा फिरवतो, जाबर? रेघ पुसली की. तुज्या पोरानंच पुसली. आता फिरवला तर पुढच्या साली हरलेला प्रत्येक गडी माज्या दारात येऊन बसतो. मग खेळ माज्या दारातच होतो, मैदानात खेळायचं काय?" मग म्हणाले, "आनि दुसऱ्या कुनाचा पोरगा असता तर गोष्ट निराळी. तुजाच हाय. लोक म्हनतील, घरी बायको रडली, जाबर फिरला."

 राजन्ना म्हणाला, "लोक काय पन म्हनू द्या." पण त्याच्या बोलण्याला तिथे वजन नव्हतं, तो वयाने लहान. बसप्पाण्णा उठले. आबांनी त्यांना पायरीपर्यंत पोचवलं. मला अजून वाटतं, त्या क्षणी बसप्पाण्णांनी नाही म्हटलं ह्याचं आबांना आतून हायसं वाटलं. निकाल फिरवायचा म्हणजे का चुकला ते सांगायचं आलं, आणि ते सांगायचं म्हणजे कान उघडे पडायचे.

माझा नातू टीव्हीवर क्रिकेट बघतो. पंच आपला निकाल सोडून वरच्या पंचाला विचारतो, मग चित्र पुन्हा पुन्हा लावून बघतात आणि निकाल फिरवतात. मी त्याला विचारलं, सामना संपल्यावर चूक कळली तर? तो म्हणाला, "आजी, संपल्यावर काय उपयोग? सगळ्यांचेच निकाल उकरत बसायचे का?" बसप्पाण्णाच बोलले म्हणायचे. मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण इथे लिहिते, कारण माझं लिहिणं मध्येच तोडायला कुणी नाही: फिरवावा. ढाल ज्याची त्याच्याकडे राहू दे, आकडे राहू देत, पण ज्याने चूक केली त्याने उठून त्या गड्याला सांगावं की तुझं खरं होतं. खेळ सांभाळायला बसप्पाण्णा होते. दादाला सांभाळायला कोण होतं?

दादाने वाट बघितली. मला ते माहीत आहे, कारण आबा कामावरून आले की तो पाणी घेऊन पुढे व्हायचा आणि पायावर पाणी घालून झालं तरी तिथेच उभा राहायचा. आबा पंच्याने पाय पुसत आणि आत जात. पुढे पुढे आबा विहिरीवरूनच पाय धुऊन येऊ लागले. त्यानंतर एका सकाळी दादा फाटकाशी गेला नाही. होटगीला रेल्वेत खलाशाचं, म्हणजे अंगमेहनतीचं काम मिळतंय म्हणाला. आईने भाकऱ्या बांधून दिल्या. मी त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले आणि म्हटलं, "दादा, तू मैदानात का न्हाय सांगितलंस?" तो म्हणाला, "सारं सोलापूर ऐकत हुतं, गंगे." आणि मग, "घरात तर कुनी ऐकत नव्हतं. घरात त्येंनी म्हनायचं हुतं."

तो गेल्यावर घर मुकं झालं असं म्हणणं खोटं होईल. शेजारचे माग तसेच खटखटत होते, गिरणीचा भोंगा वेळेवर व्हायचा, आई जात्यावर बसायची. फक्त "हुतूतू" नव्हतं. आबा जेवताना मध्येच दाराकडे बघायचे. दादा सणावारालाही आला नाही. होटगी ती केवढी लांब, आगगाडीत बसलं की पान चघळून होईतो येते.

पुढच्या नागपंचमीला आबांना पुन्हा पंच म्हणून बोलावणं आलं. ते गेले. सामने सुरू व्हायच्या आधी मधली रेघ आखून झाली होती. आबा तिच्यावर जाऊन उभे राहिले आणि फेटा काढून हातात घेतला. आई आणि मी बांधावरच होतो. त्यांचा आवाज आम्हाला सहज पोचत होता, आबांना हळू बोलता कुठे येत होतं?

"गेल्या साली म्या माज्या पोराला बाद दिलं," ते म्हणाले. "त्यानं दम चोरला न्हवता. मला ऐकूच आलं न्हाय. मला कुनाचंच ऐकू येत न्हाय. लई वरसं झाली. म्या बघून निकाल देत हुतो. त्या दिशी बघन्यात चुकलो. माजा निकाल म्या फिरवतोय. ह्या उप्पर पंच दुसरा बघा."

 बसप्पाण्णा उठून आले, त्यांनी फेटा आबांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्याला बांधला. राजन्ना ढाल घेऊन आला ती आबांनी घेतली नाही. बायका डोळे पुसत होत्या. आई तेवढी कोरडी बसली होती. ती म्हणाली, "ज्याला सांगायचं त्यो हितं कुटं हाय?"

तेव्हा आबा होटगीला निघाले. ओठांवरून सगळं कळत नाही म्हणून मला बरोबर घेतलं. दादा स्टेशनच्या पलीकडे रेल्वेच्या खोलीत राहात होता. आम्हाला बघून तो धावत आला नाही, पण लगेच घागर उचलून बाहेर आला आणि आबांच्या पायावर पाणी घातलं. काळवंडला होता. खळी दिसायला तो हसायला हवा होता. त्याने स्वतः थापलेल्या जाड भाकऱ्या आणि कांदा आमच्यापुढे ठेवला. आबांनी पहिला घास मोडायच्या आत सगळं सांगून टाकलं. मैदान, फेटा, बसप्पाण्णा, राजन्नाची ढाल. सांगताना ते दादाच्या तोंडावरून नजर हलवत नव्हते. "तुजा निकाल फिरला," म्हणाले. "आता घरी चल."

दादा त्यांच्या समोर बसला. ओठ मोकळे ठेवून, लहानपणी शिकला होता तसा, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"आबा, तुमी साऱ्या गावाला सांगितलं. लई मोटं केलंत. त्याला छाती लागती. पर म्या गावाकडं कवाच मागितलं न्हवतं. त्या दिशी सांच्याला जेवताना आईनं इचारलं, तवा निसतं न्हाय म्हनला असता ना, तर लोकांचं म्या समदं सोसलं असतं. हितं मला आता बरं वाटतं. म्या येनार न्हाय."

सगळं कळलं आबांना. मला एक शब्दही पुन्हा सांगावा लागला नाही. ते म्हणाले, "बरं." मग जेवले. भाकरी कच्ची होती तरी पानात काही टाकलं नाही. दादा आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि गाडी हलायच्या आत वळून गेला. परतीच्या वाटेत आबा खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मला ओठ वाचता येत असत. मी तिकडे बघितलं नाही.

आई दारातच उभी होती. आबा पायरीवर टेकले. तिने विचारलं, "काय म्हनला?"

ज्या माणसाने सख्ख्या पोराच्या बाबतीतही जे दिसलं तेच सांगितलं होतं, तो म्हणाला, "दिवाळीला येतो म्हनला."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, होकाराची. ती आत गेली. दुसऱ्याच दिवशी तिने अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले. गुळात मळलेलं ते पीठ मडक्यात महिने न् महिने टिकतं. घराला चुना लावला, दादाची घोंगडी विहिरीवर नेऊन धुतली. जात्यावर बसली की पुन्हा गाऊ लागली. शेजारणींना सांगत सुटली, "पोरगं यायलंय की दिवाळीला." आबा हे सगळं बघत आणि काही बोलत नसत. मीही बोलले नाही.

दादा आला नाही. पाडव्यापर्यंत वाट बघितली. त्या दुपारी आबा पानावर बसले होते. आईने मडक्यातल्या पिठाचे अनारसे तळले, त्यांच्या पानात वाढले आणि नेहमीसारखी त्यांच्या समोर बसली. आबांनी मान वर केली नाही. तिने त्यांच्या हाताला बोट लावलं, ते बघेपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "तुमी खोटं बोलला, त्ये मला त्याच दिशी कळलं हुतं. बरं केलं. तेवढं दिस लई बरं गेलं माजं."